एकाचं की दोनाचं

“काका, ह्ये एकाचं हाय. मला दोनाचं पायजे,” बाई अगदी सहज म्हणाली, आणि गहिनीनाथचा हात डब्याच्या काठावरच थबकला. बीडच्या बसस्थानकाबाहेर त्याच्या टपरीसमोर सकाळची वर्दळ होती, शिरूरकडं जाणारी गाडी आत फलाटावर गुरगुरत होती, बाईला घाई होती. तिच्या आवाजात राग नव्हता, कीवही नव्हती. तिनं नाणं परत दिलं. त्यानं डब्यातून दुसरं उचललं, अंगठ्यात आणि तर्जनीत धरून फिरवलं, कडेवरून नख ओढलं, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण वाट बघतोय. नाण्यानं काहीतरी सांगावं म्हणून वाट बघतोय. अशी वाट त्याला कधी बघावी लागली नव्हती. नाणं हातात येता येताच ते कितीचं आहे हे कळून गेलेलं असायचं, घरातल्या माणसाचा आवाज ओळखायला जसा विचार करावा लागत नाही तसं. “ही नवी नाणी लई फसवी हायेत ताई,” तो हसून म्हणाला आणि दोन्ही नाणी पुढं धरून मोकळा झाला. “घ्या, ह्यातलं तुमचं तुमी.” बाईनं एक उचललं, एक ठेवलं, आणि तिच्या चपला फटफट वाजत गाडीकडं गेल्या. राहिलेलं नाणं कितीचं ते त्यानं तिला विचारलं नाही. शेजारी बजरंगच्या चहाच्या हॉटेलात स्टोव्ह सणसणत होता. त्या आवाजाखाली आपलं काहीतरी झाकलं जातंय असं त्याला उगीचच वाटलं.

मग दिवसभर तो नाण्यांना दोष देत राहिला. दोष देण्यासारखं होतंही. त्याच्या लहानपणी प्रत्येक नाण्याला स्वतःचा आकार होता. पाच पैसे चौकोनी, गुळगुळीत कोपऱ्यांचे. दहा पैशाची कड नागमोडी. वीस पैशाला सहा बाजू. सगळी हलकी, दातात धरली तर शिरशिरी आणणारी. गोवर येऊन डोळे गेले तेव्हा तो जेमतेम चालायला लागला होता, त्यामुळं उजेड कसा असतो हे त्याला आठवत नव्हतं. पण दहा पैशाची कड आठवत होती. दिवाळी सरली की आईबाप ऊस तोडायला जायचे. गाडीत भांडी भरल्याचा खडखडाट व्हायचा, बैलांच्या गळ्यातली घंटा वस्तीच्या उतारावर बारीक होत जायची, आणि तो शिरूर कासारजवळच्या त्या वस्तीवर चुलतीपाशी मागं राहायचा. उसाच्या फडात आंधळ्या पोराला कोण सांभाळणार, हे सगळे त्याच्यासमोरच बोलायचे. निघताना बाप त्याच्या मुठीत चिल्लर कोंबायचा. ती खर्च करायची त्याला इच्छाच व्हायची नाही. चुलती कामावर गेली की ओसरीत बसून तो एकेक नाणं फरशीवर फिरवायचा, पडताना ते कसं वाजतं ते ऐकायचा, मग हातानं चाचपत शोधायचा आणि बोटांनी पुन्हा ओळखायचा. एकदा चौकोनी नाणं कुठं घरंगळलं ते सापडेना, तेव्हा तो असा रडला होता की चुलतीला वाटलं पोराला विंचू चावला. आता आठवलं की त्यालाच उमगत नसे की आपण नेमकं कशासाठी रडलो होतो. त्या पैशाचं काहीच येत नव्हतं. पण बाप गावात नव्हता, आई नव्हती, आणि त्या एवढ्याशा धातूला चार बाजू होत्या, एवढंच काय ते पक्कं होतं.

पुढं एकेक करत ती सगळी गेली. राहिली ती गोल. जुना रुपया नव्या दोनाएवढा, नवा रुपया जवळजवळ जुन्या आठ आण्याएवढा, आणि वजनात असा काय फरक की काट्याला कळावा, माणसाला नाही. गिऱ्हाईकंही कुरकुरायची. कुणी बारका रुपया घेत नसे, कुणी दहाचं नाणं चालत नाही म्हणून भांडायचं, बजरंग तर सुट्ट्याऐवजी सरळ गोळी हातावर ठेवायचा. म्हणजे नाणीच वाईट होती. पण मग कालपर्यंत हीच नाणी आपल्याला कशी कळत होती? इथं आलं की गहिनीनाथचं मन बाजूला सरायचं, रस्त्यात पाणी साचलेलं असलं की काठी आपोआप बाजूला सरते तसं. त्याला आठवे की पावसाळ्याच्या आधी एकदा तो घरी एकाच पायात चप्पल घालून आला होता. दुसरी वाटेत कधी निसटली ते त्याला कळलं नव्हतं. भिवराबाई, त्याची बायको, हसून हसून बेजार झाली होती, आणि तोही हसला होता. साखरेच्या आजाराची गोळी घ्यायची चुकते म्हणून ती रोज ओरडायची, आणि तो रोज हो म्हणायचा. आता बोटं एकमेकांवर घासली की त्याला वाटे, कुणीतरी त्यांच्यावर पातळ फडकं गुंडाळलंय आणि सोडायचं विसरून गेलंय.

टपरीच्या आधी याच जागेवर त्याचा टेलिफोन होता. अपंगांच्या कोट्यातून मिळालेला, रुपया टाकून बोलायचा. नाणं खाचेतून आत सरकायचं, मध्ये कुठंतरी अडखळायचं आणि मग खाली आधीच्या नाण्यांवर पडायचं. त्या आवाजावरून त्याला डबा किती भरलाय ते कळायचं. तोडणीच्या दिवसांत मागं राहिलेली म्हातारी माणसं रांग लावायची. तिकडं कारखान्यावर मुकादमाचा मोबाईल एकच, त्याच्यावर सगळ्यांचे निरोप. लोक बोलायचे ते त्याला ऐकू यायचं. न ऐकण्याचा काही उपायही नव्हता. भिवराबाई त्या रांगेत यायची. नवऱ्यानं तिला सोडलेलं होतं, भाऊ-भावजय तोडणीला गेले की त्यांची पोरं सांभाळत ती बीडच्या कडेच्या वस्तीत राहायची. बाकीचे स्वतः नाणं टाकायचे, ती मात्र त्याच्या हातात द्यायची. वस्तीपासून मुठीत इतकं घट्ट धरून आणलेलं की ते तापलेलं असायचं. दुसरं काही बोलणं व्हायच्या कितीतरी आधी त्याला तिच्या तळहाताची ऊब ठाऊक होती. लग्न ठरलं तेव्हा तिच्या भावानं विचारलं, “तुमी तर तिला बघितलं बी न्हाई, कसं काय?” एक गरम नाणं असं सांगितलं असतं तर लोक काय म्हणाले असते. मग फोन खिशाखिशात आले, रांग आटली, डबा काढून नेला, आणि त्यानं त्याच जागेवर चिक्की, बिस्किटं, शेंगदाण्याच्या पुड्या मांडल्या. मुलगी शिवकन्या शिकली, पुण्याला कंपनीत लागली.

त्या बाईनंतर एक-दोन दिवसांतच अर्जुनराव आले. ते त्याच्यासारखेच जन्माचे आंधळे म्हणावे असे. अंध मुलांच्या शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले, आता जिल्ह्यातल्या अंधांच्या संघटनेचं सगळं तेच बघायचे. त्यांची काठी रस्त्यावर अशी वाजायची की रिक्षावालेही गप्प उभे राहायचे. “गहिनी, काम आहे,” ते म्हणाले. “कॉलेजात चर्चा ठेवलीय. लोक रोकड वापरीनात, तर एक-दोन रुपयांची नाणी पाडणं थांबवावं का, असा विषय. सगळे डोळस बोलणार की थांबवा. मी बोलणार की थांबवू नका. आणि तू माझ्याबरोबर येणार.”

“मी काय बोलू सर?”

“तू बोलूच नको. तुझ्या हातात नाणी देऊ. तू ओळखून दाखव. माझ्या तासभराच्या भाषणात जे होणार नाही ते तुझ्या बोटांनी होईल.”

सांगायचं तर तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण अर्जुनरावांच्या आवाजात एवढा आनंद होता, आणि बजरंग पलीकडून ओरडला, “जा की बे, पेपरात फोटो येईल,” आणि गहिनीनाथच्या तोंडून “येतो सर” असं निघून गेलं. ते गेल्यावर त्यानं डब्यात हात घातला. नाणी टणक होती, एवढं कळत होतं. तो त्यांच्यात हात तसाच ठेवून बसला, आणि त्याच्या मनात एक विचार आला, ज्याची त्याला भीती वाटली. करू देत की बंद. नाणीच राहिली नाहीत तर ओळखायचं काय? मग कुणी विचारणार नाही, कुणाला कळणार नाही. आपण अर्जुनरावांबरोबर तिथं जाणार नाणी राहू द्या म्हणायला, आणि आत कुठंतरी आपण ती उद्याच्या उद्या जावीत म्हणून वाट बघतोय. यातलं खरं कुठलं? त्यानं दोन्ही बाजू धरून बघितल्या. दोन्ही त्याला सारख्याच लागल्या.

संध्याकाळी शिवकन्येचा फोन आला तेव्हा तो आपणहून म्हणाला, “ते तुझं मोबाईलवर पैसे घ्यायचं असतंय ना, ती पाटी लावून दे म्हनलं टपरीवर.” दोन वर्षं ती मागं लागलेली होती आणि दोन वर्षं त्याचं एकच उत्तर होतं, की पैसा हाताला लागला पाहिजे. दुकानात ठेवायची ती बोलकी पेटी सांगणार इतके मिळाले म्हणून, ती खरं बोलली का खोटं हे मला कोण सांगणार. “आप्पा, खरंच? आता कसं काय?” तिला इतका आनंद झाला की तिनं लगेच पुढचं सगळं बोलायला सुरुवात केली, खातं कुणाचं, पेटी कुठली. पण भिवराबाईचं भांडी घासणं थांबलं होतं. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, “कावून वो एकदम?”

“जग बदललं.”

“जग काय आज बदललं व्हय?” तिनं विचारलं, आणि तो झोप आल्यासारखा वळला.

कॉलेजचा हॉल मोठा होता; खुर्च्या सरकल्या की त्यांचा आवाज छताला लागून परत यायचा. वाणिज्य शिकवणारे विजयसिंह सर आधी बोलले. गहिनीनाथला वाटलं होतं हा माणूस दुष्ट असेल, पण त्यांचा आवाज सौम्य होता, समजूतदार. रुपयाचं नाणं पाडायला रुपयाहून जास्त खर्च येतो म्हणतात. नाणी घराघरांतल्या डब्यांत पडून राहतात. दुकानदार घेत नाहीत. लोक फोनवरून रुपया देतात. मग कुणासाठी पाडायची? गहिनीनाथला ते पटत होतं. त्यानं न पटवून घ्यायचा प्रयत्न केला, पण पटत होतं. मग अर्जुनराव उभे राहिले आणि म्हणाले, “आमचा पैसा आमच्या बोटांना दिसतो. फोनमधला पैसा आम्हाला दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघावा लागतो. तो दुसरा रोज चांगला असेलच असं नाही. नोट झिजते, चिकटते, तिचा भरवसा नाही. बारकं नाणं ही तुमच्यासाठी अडगळ असेल, आमच्यासाठी तो एकट्यानं बाजारात जायचा परवाना आहे.” तेही पटत होतं. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांतच त्याला कुणीतरी दंडाला धरून पुढं नेलं.

एका मुलीनं त्याच्या हातात नाणं दिलं. “सांगा काका,” ती ध्वनिक्षेपकात म्हणाली, आणि ते ‘काका’ चारी भिंतींकडून त्याच्या अंगावर आलं. त्यानं नाणं फिरवलं. कड होती. टणकपणा होता. त्याच्या पलीकडं काही नव्हतं. टेबलावर टाकलं असतं तर आवाजावरून सांगता आलं असतं, ही युक्ती त्याला तेवढ्यात सुचली. डाव्या हातानं टेबल चाचपलं तर वर जाड कापड अंथरलेलं. अंदाजानंही सांगता आलं असतं. एकाचं नाहीतर दोनाचं, बरोबर यायची आशा निम्मी. ओसरीत बसलेलं ते पोर त्याला आठवलं नाही, बाप आठवला नाही, कुणीच मदतीला आलं नाही. फक्त एवढंच वाटलं की आता खोटं बोललो तर यापुढं स्वतःच्या हातांशी सुद्धा खोटं बोलावं लागेल.

“न्हाई कळत,” तो म्हणाला.

मुलीनं घाईघाईनं दुसरं दिलं.

“ह्ये बी न्हाई कळत.”

मग मागून कुणीतरी म्हणालं, “बघू बरं,” आणि खिशात हात गेल्याचे, पर्स उघडल्याचे आवाज आले. विजयसिंह सरांनी स्वतः डोळे मिटून नाणं हातात घेतलं असावं, कारण ते ध्वनिक्षेपकाजवळ पुटपुटले, “दोनाचं... नाही, एकाचं आहे.” लोक हसायला लागले, एकमेकांना नाणी द्यायला लागले, चुकायला लागले. शेवटी सर म्हणाले, “मला माझं बोलणं बदलावं लागेल. चाळीस वर्षं ज्यांनी नाणी हाताळली त्यांनाही जर ही ओळखू येत नसतील, तर दोष बनवणाऱ्याचा आहे. बंद करण्याआधी नीट बनवायला शिकलं पाहिजे.” टाळ्यांचा एवढा कडकडाट झाला की गहिनीनाथला वाटलं पत्र्यावर गारा पडतायत. कुणी त्याच्या गळ्यात हार घातला. तो ओला होता, मानेला गार लागला. त्याला कळेना की आपलं काय झालं, अब्रू गेली की आली.

बाहेर पायरीवर अर्जुनरावांनी त्याचा खांदा दाबला. “मानलं तुला गहिनी. ओळखून न ओळखल्यासारखं केलंस! मला सुद्धा सुचलं नसतं.”

“न्हाई सर, मला खरंच—”

“मला कशाला सांगतोस? मी काय परका आहे?” ते खळखळून हसत होते. कितीतरी वर्षांत त्यांना एवढं खूश त्यानं ऐकलं नव्हतं.

गहिनीनाथच्या मुठीत ते दुसरं नाणं अजून होतं. मुलगी परत घ्यायला विसरली होती. ते त्यानं अर्जुनरावांच्या हातावर ठेवलं. “सर, तुमाला कळतंय का ह्ये?” त्याचा आवाज त्यालाच बारीक वाटला. त्याला मनापासून वाटत होतं की त्यांनी अडखळावं. एक श्वासभर जरी अडखळले असते तरी पुरे होतं.

“दोनाचं,” अर्जुनराव म्हणाले. बोटं मिटली सुद्धा नव्हती त्यांची. “ह्यात कळायचं काय?” आणि नाणं त्याला परत देऊन ते काठी वाजवत निघाले.

रिक्षात बसल्यावर त्यानं हार काढून मांडीवर घेतला. रस्ता खडबडीत होता, रिक्षावाला कुणाशी तरी फोनवर भांडत होता. गहिनीनाथला वाटत होतं, आपण कुणालातरी फसवलंय. पण खरं बोलूनच फसवलंय, आणि असं फसवलेलं परत कसं घ्यायचं असतं ते त्याला ठाऊक नव्हतं. लोक आता कागदावर लिहितील, नाणी वाईट आहेत म्हणून. कदाचित त्यामुळं नाणी चांगली होतील. धारदार कडांची, कोपऱ्यांची. सगळ्या आंधळ्यांना कळतील. आणि आपल्याला?

घरी भिवराबाईनं हाराचा वास घेतला, खुंटीला अडकवला आणि चहा ठेवला. उन्हं कलली असावीत. दारातून येणारी झळ त्याच्या गुडघ्यांवरून खाली उतरली होती. तिनं चहाचा स्टीलचा पेला पुढ्यात ठेवला आणि साखरेचा डबा जागेवर ठेवायला वळली. त्यानं पेला उचलला, बोटांनी गच्च धरला, आणि विचार करत बसला.

“आवं!” भिवराबाई ओरडली. तिनं पेला हिसकला, चहा सांडला, तिच्याच हातावर सांडला असावा, कारण ती हाय हाय करत होती. “काठापतुर उकळता हाय त्यो, आन् तुमी खुशाल धरून बसलेत! भाजत न्हाई व्हय?”

ती त्याचा हात पाण्यात बुडवून बसली, आणि मग हळूहळू, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसं, त्यानं तिला सांगितलं. ती बाई, चप्पल, हॉल, टाळ्या, अर्जुनराव. तिनं त्याचा हात पदरानं टिपला, बोटं पसरवली आणि त्याच्यासमोर मांडी घातली.

“डोळे मिटा,” ती म्हणाली. मग स्वतःच्याच बोलण्यावर तिला हसू आलं, त्यालाही आलं, आणि दोघंही जरा वेळ हसली.

“आता सांगा. कुठल्या बोटाला हात लावला?”

“अंगठा,” तो म्हणाला.

“आन् आता?”

तो थांबला. त्याला वाटलं काहीतरी आहे, मधल्या बोटाच्या टोकाला, मुंगी चालावी तसं. “मधलं.”

“आता?”

“करंगळी. करंगळीच की.”

बाहेर कुणीतरी हातपंप हापसत होतं. त्याचं करकरणं थांबलं.

“आवं,” भिवराबाई म्हणाली, “मी आजून हात लावलाच न्हाई.”

गहिनीनाथनं मान खाली घातली. मग तो म्हणाला, “मग आता लाव.”

“लावलाय,” ती म्हणाली.

त्यानं खूप प्रयत्न केला. कपाळावरची शीर उडेपर्यंत त्यानं आपलं सगळं लक्ष बोटांच्या टोकांशी नेलं, आणि तिथं कुणी नव्हतं. ती त्याची धडपड बघत असली पाहिजे. मग तिचा हात त्याच्या नकळत बोटांवरून सरकत, तळहातावरून सरकत वर आला असावा, कारण मनगटाच्या थोडं वर, जिथं तो कधी काही ओळखत नसे, तिथं तो त्याला एकदम लागला. गच्च आणि गरम.

“हां,” तो म्हणाला. “इथं कळतंय.”